एडिप्सोसचे ऊन झरे आणि तीन दिवसांची नोंद

ग्रीसच्या नकाशावर अथेन्सच्या उत्तरेकडे, मुख्य भूमीला जवळजवळ चिकटून असलेले एक लांबट बेट दिसते. त्याचे नाव युबिया. आजचे ग्रीक लोक त्याला एव्हिया म्हणतात. क्रीटच्या खालोखाल हे ग्रीसमधील सर्वांत मोठे बेट. त्याची लांबी सुमारे १७५ किलोमीटर आहे. पण खाल्किस शहरापाशी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधला समुद्र अवघा ४० मीटर रुंद उरतो. या बेटाच्या वायव्य टोकाजवळ एडिप्सोस हे छोटे गाव आहे. त्याच्या किनाऱ्यावरील वस्तीला ‘लुत्रा एडिप्सू’, म्हणजे ‘एडिप्सोसची स्नानगृहे’ असेच म्हणतात.

येथे जमिनीतून गरम पाण्याचे अनेक झरे वाहतात. काहींचे पाणी नुसते कोमट, ३० अंश सेल्सियसच्या आसपास; तर काहींचे ८० अंशांच्या घरात, म्हणजे हात घातला तर भाजेल असे. झऱ्यांचे पाणी जिथे समुद्राला मिळते तिथे खडकांवर पिवळट-तांबूस दगडी थर साचलेले दिसतात. जवळच रोमन काळातील स्नानगृहांचे अवशेष आहेत. स्नानासाठी येथे लोक किमान दोन हजार वर्षे येत आहेत.

एवढ्याने हे गाव वेगळे ठरत नाही. गरम पाण्याचे झरे जगात पुष्कळ ठिकाणी आहेत, आपल्या कोकणातही आहेत. एडिप्सोसचे वेगळेपण त्याच्याविषयीच्या लिखाणात आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या झऱ्यांचा उल्लेख केला. त्यानंतर इतिहासकार, भूगोलकार, चरित्रकार अशा अनेकांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले. कोणी जे घडले ते सांगितले, तर कोणी ते का घडले तेही सांगितले. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढून आजच्या भूविज्ञानाच्या कसोटीवर घासल्या, तर काय टिकते आणि काय गळून पडते, हे पाहण्यासारखे आहे.

इ.स.पू. ४२६ चा उन्हाळा

तेव्हा अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनेशियन युद्ध चालू होते. स्पार्टाचे सैन्य जवळपास दरवर्षी उन्हाळ्यात अथेन्सच्या मुलखात शिरून शेते उद्ध्वस्त करीत असे. इ.स.पू. ४२६ मध्येही राजा एजिस सैन्य घेऊन निघाला. कॉरिंथच्या संयोगभूमीपर्यंत तो पोचला आणि तेथूनच परत फिरला. कारण धरणीकंप. त्या वर्षी भूकंपाचे धक्के एकामागून एक बसत होते.

ही माहिती आपल्याला थ्युसिडिडीज या अथेन्सच्या इतिहासकाराकडून मिळते. तो त्या युद्धाचा समकालीन होता. दोनच वर्षांनी तो स्वतः अथेन्सचा सेनापती झाला. युद्धाची हकिकत सांगता सांगता तो मध्येच युबियाच्या किनाऱ्याकडे वळतो. ओरोबिआय नावाच्या गावी समुद्र आधी मागे हटला, मग प्रचंड लाट होऊन परत आला आणि त्याने गावाचा काही भाग बुडवला. जे लोक वेळेत उंचावर पळू शकले नाहीत ते मेले. हे ओरोबिआय म्हणजे आजचे रोव्हिएस, एडिप्सोसच्याच किनाऱ्यावर थोडे आग्नेयेला. समोरच्या अटलांटा बेटावरही लाट आली, तेथील अथेन्सच्या किल्ल्याचा काही भाग वाहून गेला आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दोन जहाजांपैकी एक फुटले.

एवढे सांगून थ्युसिडिडीज आपले मत देतो. जिथे धक्का सर्वांत जोराचा असतो तिथे समुद्र मागे ढकलला जातो, आणि तो एकदम उसळून परत आल्याने पूर येतो. भूकंपाशिवाय असे काही घडेल असे त्याला वाटत नाही. सागरी भूकंप आणि त्सुनामी यांच्यातील कार्यकारणसंबंध सांगणारे हे अतिशय जुने लिखाण आहे. त्या काळी समुद्र आणि भूकंप या दोहोंचा स्वामी पोसायडन हा देव मानला जात असे. थ्युसिडिडीजने इथे त्याचे नावही घेतलेले नाही. लाट नेमकी कशी निर्माण होते याचे त्याचे चित्र मात्र आज मान्य होणार नाही. समुद्राचा तळ वरखाली सरकल्यामुळे किंवा मोठ्या दरडी पाण्यात कोसळल्यामुळे त्याच्यावरचे सारे पाणी हलते, आणि त्यातून त्सुनामी उठते. तरीही भूकंप आधी आणि लाट त्याचा परिणाम, हा त्याने लावलेला क्रम बरोबर आहे.

झरे तीन दिवस थांबले

थ्युसिडिडीज एडिप्सोसच्या झऱ्यांविषयी काही सांगत नाही. ते सांगणारा माणूस दुसरा. त्याचे नाव डिमिट्रिअस. काळ्या समुद्राच्या काठी कॅलॅटिस नावाची ग्रीक वसाहत होती (आज ते रुमानियातील मंगालिया शहर आहे). तेथे इ.स.पू. २०० च्या सुमारास हा होऊन गेला. ग्रीसमध्ये झालेल्या भूकंपांची हकिकत त्याने एकत्र केली होती. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण पुढे दोनेकशे वर्षांनी स्ट्रॅबो या भूगोलकाराने आपल्या ग्रंथात त्यातील एक उतारा सारांशाने दिला, म्हणून तेवढा भाग वाचला.

त्या उताऱ्यात युबियाच्या वायव्य टोकाच्या आसपास झालेल्या विध्वंसाची यादी आहे. टोकाजवळची लिखाडेस बेटे बरीचशी पाण्याखाली गेली. समोरच्या किनाऱ्यावरील गावे पडली. एकट्या स्कार्फी गावात सतराशे माणसे गाडली गेली. अल्पोनोस येथे सणासाठी जमलेल्या पंचवीसएक मुली मौज पाहण्यासाठी बंदरावरच्या बुरुजावर चढल्या होत्या. बुरुज कोसळून त्या समुद्रात पडल्या. आणि या साऱ्या हाहाकारात एक शांत वाक्य येते. एडिप्सोस आणि थर्मोपिली येथील गरम झरे तीन दिवस बंद पडले, नंतर पुन्हा वाहू लागले. एडिप्सोसला तर ते आणखी एका जागी नव्याने फुटले.

हा भूकंप म्हणजे थ्युसिडिडीजने वर्णन केलेला इ.स.पू. ४२६ चाच, असे सामान्यपणे मानले जाते. प्रदेश तोच आहे आणि अटलांटा बेटाचा उल्लेख दोन्हीकडे आहे. तरी एक गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. त्या मुली ज्या सणासाठी जमल्या होत्या तो थेस्मोफोरियाचा सण साधारणतः शरद ऋतूत येई. थ्युसिडिडीजची लाट उन्हाळ्यातली आहे. तेव्हा डिमिट्रिअसच्या यादीत एकाहून अधिक भूकंपांच्या आठवणी मिसळल्या असण्याची शक्यता नजरेआड करता येत नाही. जुनी नोंद वापरायची ती अशी तपासून.

पण झऱ्यांविषयीच्या वाक्याचे मोल यामुळे कमी होत नाही. त्यातील तपशील पाहा. किती दिवस बंद? तीन. कोणते झरे? एडिप्सोस आणि थर्मोपिली, म्हणजे मध्ये आखात आणि सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर असलेली दोन ठिकाणे. पुन्हा सुरू झाल्यावर फरक काय? एका ठिकाणी नवे मुख फुटले. देवाचा कोप, अपशकुन, राजाचे पाप यांपैकी काहीही या वाक्यात नाही. कोणीतरी झऱ्यापाशी गेले, दिवस मोजले, जागा पाहिली आणि ते सांगितले. त्या माणसाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

(थर्मोपिली म्हणजे ‘ऊन पाण्याची द्वारे’. इ.स.पू. ४८० मध्ये स्पार्टाचा लिओनिडास जिथे इराणी सैन्याशी लढून पडला तीच ही खिंड. तेथे गरम झरे आहेत आणि हेरॅक्लीजची वेदी आहे, हे हिरोडोटसने नमूद केले आहे. एडिप्सोसच्या झऱ्यांनाही स्ट्रॅबो हेरॅक्लीजचेच झरे म्हणतो. थकलेल्या महाबलीला विसावा देणारे पाणी अशी ती श्रद्धा होती.)

ॲरिस्टॉटलचे उत्तर

इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ‘मीटिऑरॉलॉजिका’ हा ग्रंथ लिहिला. पाऊस, वारा, धूमकेतू यांच्याबरोबर त्यात भूकंपांचाही विचार आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. पृथ्वीच्या पोटात कोरडी वाफ, म्हणजेच एक प्रकारचा वारा, तयार होतो. तो बाहेर पडू शकला नाही की आत घुसमटतो आणि जमीन हलवतो. म्हणून जिथे जमीन सच्छिद्र व पोकळ असते आणि समुद्राला जोराचे प्रवाह असतात, तिथे समुद्र या वाऱ्याला आत कोंडतो आणि भूकंप अधिक होतात. उदाहरणे देताना तो हेलेस्पाँट, अकाइया, सिसिली आणि युबियाचा काही भाग यांची नावे घेतो. युबियात समुद्राचे पाणी जमिनीखालच्या वाटांनी शिरते असे लोक मानतात, हेही सांगतो. आणि मग म्हणतो, एडिप्सोसच्या गरम झऱ्यांचे कारणही अशाच प्रकारचे आहे.

भूकंप कोंडलेल्या वाऱ्यामुळे होत नाहीत, हे आज आपल्याला माहीत आहे. भूकवचातील खडकांवर ताण साठत जातो आणि तो असह्य झाला की भ्रंशाच्या पृष्ठावर खडक एकदम सरकतात. ॲरिस्टॉटलचे ‘का’ साफ चुकले. पण त्याने कोणत्या गोष्टी एका ओळीत मांडल्या ते पाहा. समुद्राचे पाणी, भेगाळलेली जमीन, भूकंप आणि गरम झरे. या चारही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्याच्या लक्षात आले होते. आणि तो संबंध खरा आहे.

जमिनीखाली काय चालते?

युबिया आणि मुख्य भूमी यांच्यामधील उत्तरेकडचे आखात ही खचून तयार झालेली दरी आहे. ग्रीसच्या या भागात भूकवच ताणले जात आहे. ताणलेले कवच तुटते आणि दोन भ्रंशांमधला भाग खाली बसतो. त्यात समुद्र शिरला की असे लांबट आखात तयार होते. एडिप्सोस या दरीच्या एका काठावर आहे, तर समोरच्या काठावर अटलांटीचा भ्रंश आहे. एप्रिल १८९४ मध्ये याच भागात एका आठवड्याच्या अंतराने दोन मोठे भूकंप झाले आणि अटलांटीच्या भ्रंशावर जमीन कित्येक किलोमीटरपर्यंत फाटलेली दिसली. थ्युसिडिडीजच्या काळी जे घडले तशाच प्रकारची ही घटना होती.

आता झऱ्यांचे पाणी गरम कसे होते ते पाहू. जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. पृष्ठभागावर सरासरी १८ अंश तापमान धरले तर ८० अंशांसाठी ६२ अंशांची वाढ हवी; म्हणजे पाणी निदान दोन किलोमीटर खोल जाऊन आले पाहिजे. वर येताना ते थंडही होते, म्हणून प्रत्यक्षात आणखी खोल. ताणून पातळ झालेल्या कवचात मात्र ही वाढ नेहमीपेक्षा जलद होते. शिवाय एडिप्सोसजवळच्या लिखाडा टोकावर सुमारे पाच लाख वर्षांपूर्वीचे ज्वालामुखीचे खडक आहेत. भूशास्त्राच्या हिशेबात हा काळ फार जुना नव्हे. एवढ्या उष्णतेच्या जवळून जाणारे पाणी तापले नाही तरच नवल.

हे पाणी येते कुठून? त्याचा मोठा भाग समुद्राचा आहे. एडिप्सोसच्या बऱ्याच झऱ्यांचे पाणी जवळजवळ समुद्राइतके खारट आहे आणि त्यातील मुख्य क्षार सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले मीठच आहे. पण ते नुसते तापवलेले समुद्राचे पाणी नव्हे. समुद्राच्या मानाने त्यात मॅग्नेशियम कमी आणि कॅल्शियम जास्त आढळते. समुद्राचे पाणी खोलवर तापून खडकांशी दीर्घकाळ संपर्कात राहिले, की मॅग्नेशियम खडकांत अडकते आणि कॅल्शियम पाण्यात उतरते. पाण्याची घटकद्रव्ये म्हणजे त्याने केलेल्या प्रवासाचा दाखलाच.

हे गरम, कार्बन डायऑक्साइडयुक्त पाणी भ्रंशाच्या भेगांतून वर येते. वर आले की दाब कमी होतो आणि सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा कार्बन डायऑक्साइड निसटतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. किनाऱ्यावरील दगडी थर यातून झाले. या खडकाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. त्यांचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो.

आता डिमिट्रिअसच्या वाक्याकडे परत जाऊ. जे पाणी भेगांतून येते आणि येता येता आपल्याच क्षारांनी त्या भेगा बुजवत असते, त्याच्या वाटा भूकंपाने बदलणे अगदी स्वाभाविक आहे. धक्क्याने काही भेगा मिटतात, काही उघडतात. नव्या पोकळ्या उघडल्या की पाणी आधी त्यांत भरते, दाब उतरतो आणि वरचा झरा आटतो. पोकळ्या भरून दाब पूर्ववत झाला की झरा पुन्हा वाहतो, आणि मधल्या काळात एखादी नवी भेग पृष्ठभागापर्यंत पोचली असेल तर तेथूनही फुटतो. अशी उदाहरणे आधुनिक काळातही नोंदली गेली आहेत. अमेरिकेत १९५९ मध्ये हेब्जेन लेकचा भूकंप झाला, तेव्हा जवळच्या यलोस्टोन उद्यानातील शेकडो गरम झऱ्यांच्या आणि उष्णोदकाच्या कारंज्यांच्या वागण्यात फरक पडला. ‘तीन दिवस बंद, मग सुरू, आणि एक नवे मुख’ ही प्राचीन नोंद आजच्या समजुतीशी नीट जुळते. ज्याने ती केली त्याला भ्रंश म्हणजे काय, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

कर बसला आणि झरा आटला

एडिप्सोसविषयी आणखी एक गोष्ट अथेनिअस नावाच्या लेखकाने सांगितली आहे. हा इजिप्तमधील नॉक्रॅटिसचा, काळ इ.स. २०० च्या आसपास. तो म्हणतो, एडिप्सोसला समुद्राजवळ थंड पाण्याचा एक झरा फुटला. ते पाणी प्यायल्याने आजाऱ्यांना बरे वाटे, म्हणून दूरदूरचे लोक येऊ लागले. अँटिगोनस राजाच्या सरदारांनी उत्पन्न वाढवण्यासाठी पाणी पिणाऱ्यांवर कर बसवला, आणि झरा आटला.

ही गोष्ट ऐकायला गोड आहे. लोभाची शिक्षा ताबडतोब मिळते. पण डिमिट्रिअसच्या वाक्याशेजारी ती ठेवली की फरक कळतो. किती दिवसांनी आटला, आधी पाणी किती होते, त्याच सुमारास धरणीकंप किंवा अवर्षण झाले होते का, यांपैकी काही नाही. झरा फुटला आणि आटला एवढाच निरीक्षणाचा भाग. बाकीचा बोध. एडिप्सोससारख्या जागी नवा झरा फुटून काही काळाने बंद पडणे यात अशक्य असे काही नाही. मध्ये कर बसला हा योगायोग असू शकतो. आधी कर आणि मग आटणे, एवढ्यावरून कर हे कारण ठरत नाही.

तरीही लोभाने झरा आटू शकतो, फक्त त्यासाठी मधली यंत्रणा दाखवता यायला हवी. न्यूझीलंडमधील रोटोरुआ शहरात लोकांनी घरे तापवण्यासाठी आणि आंघोळीसाठी शेकडो विंधनविहिरी खणून जमिनीखालचे गरम पाणी उपसले. भूगर्भातील दाब उतरला आणि प्रसिद्ध उष्णोदकाची कारंजी मंदावली. १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुतू कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद करायला लावल्या. त्यानंतर दाब वाढला आणि झरे सावरू लागले. इथे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये मोजता येणारी राशी आहे, ती म्हणजे पाण्याचा दाब. कारण काढून घेतल्यावर परिणामही उलटला. अथेनिअसच्या गोष्टीत नेमके हेच नाही.

सुल्लाचे पाय आणि ॲरिस्टॉटलची पुस्तके

एडिप्सोसचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे रोमन सेनापती सुल्ला. इ.स.पू. ८६ मध्ये त्याने अथेन्स जिंकून लुटले. पुढे तो अथेन्समध्ये मुक्कामाला असताना त्याचे पाय बधिर आणि जड झाले. ही गाउटची, म्हणजे आपल्याकडील वातरक्ताची सुरुवात असल्याचे प्लुटार्क हा चरित्रकार सांगतो. म्हणून सुल्ला समुद्र ओलांडून एडिप्सोसला आला. तेथे तो गरम पाण्यात स्नान करी आणि नटनाटक्यांच्या संगतीत दिवस घालवी.

एके दिवशी तो किनाऱ्यावर फिरत असताना काही कोळ्यांनी त्याला उत्तम मासळी आणून दिली. तो खूश झाला. कुठले तुम्ही, असे त्याने विचारले. हालाय गावचे, हे उत्तर ऐकताच तो उद्गारला की हालायचा कोणी अजून जिवंत आहे का! काही काळापूर्वी त्यानेच ते गाव बेचिराख केले होते. कोळ्यांची भीतीने वाचाच बसली. सुल्ला हसला आणि म्हणाला, निर्धास्त जा, तुमच्यासाठी रदबदली करणारे काही लहानसहान नाहीत. या शब्दांवर विसंबून हालायच्या लोकांनी आपले गाव पुन्हा वसवले, असे प्लुटार्क लिहितो. मासळीच्या भेटीवर एका गावाचे जगणे ठरावे, अशी ती सत्ता होती.

सुल्लाने स्नान केले ते ठिकाण कोणते, याविषयी मात्र दोन मते आहेत. स्ट्रॅबोच्या भूगोलात ते झरे खाल्किसजवळच्या लेलांटाइन मैदानात सांगितले आहेत, प्लुटार्क एडिप्सोस म्हणतो. स्ट्रॅबो काळाने सुल्लाला अधिक जवळचा. पण प्लुटार्क खिरोनियाचा, म्हणजे एडिप्सोसपासून सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आतला, आणि या गावाचे वर्णन तो दुसऱ्या एका ग्रंथातही तपशिलाने करतो. खोल स्वच्छ समुद्र, मुबलक मासळी आणि पक्षी, राहण्यासाठी घरे, वसंत ऋतूच्या मध्यावर भरणारी गर्दी आणि रंगणाऱ्या मेजवान्या. साऱ्या ग्रीसचे हे जणू सामाईक घर, असे तो म्हणतो. शिवाय हालाय हे एडिप्सोसच्याच बाजूच्या समुद्राकाठचे. म्हणून प्लुटार्कचे म्हणणे अधिक विश्वासार्ह वाटते.

सुल्लाला गुण आला का? गाउटमध्ये रक्तातील युरिक आम्ल वाढते आणि त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत जमतात. गरम पाण्यात बसल्याने युरिक आम्ल कमी होत नाही. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल होतात आणि खाऱ्या पाण्याच्या उद्धरणामुळे सांध्यांवरील भार हलका होतो. तेवढ्यापुरते बरे वाटते, आणि बरे वाटणे हाही अनुभव खराच. पण बरे वाटणे आणि रोग बरा होणे या दोन गोष्टी वेगळ्या.

सुल्लाच्या चरित्रातील ज्या प्रकरणात ही स्नानाची हकिकत आहे, त्यातच आणखी एक माहिती आहे. अथेन्समध्ये अपेलिकॉन नावाच्या माणसाचा ग्रंथसंग्रह होता. ॲरिस्टॉटल आणि त्याचा शिष्य थिओफ्रास्टस यांचे बहुतेक लेखन त्यात होते. सुल्लाने तो संग्रह लुटीबरोबर रोमला नेला. तेथे टिरॅनिऑनने त्याची व्यवस्था लावली आणि अँड्रोनिकसने त्या ग्रंथांच्या प्रती प्रसिद्ध केल्या. ज्या तत्त्वज्ञाने एडिप्सोसच्या झऱ्यांचे कारण शोधले होते, त्याची पुस्तके त्याच झऱ्यांत पाय बुडवून बसलेल्या सेनापतीच्या ताब्यात होती. डिमिट्रिअसच्या ग्रंथाच्या नशिबी असा कोणी आला नाही. स्ट्रॅबोने तो उतारा घेतला नसता तर ‘तीन दिवस’ही गेले असते.

दोन रकाने

एकोणिसाव्या शतकात ग्रीस स्वतंत्र झाल्यावर एडिप्सोस पुन्हा स्नानासाठी नावारूपाला आले. त्या शतकाच्या अखेरीस तेथे बांधलेल्या मोठ्या हॉटेलला सुल्लाचेच नाव दिले गेले. हालाय जाळणाऱ्याच्या नावाची पाटी आज झऱ्यांजवळ आहे.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर फळ्यावर दोन रकाने करावेत. एकात ‘काय दिसले’, दुसऱ्यात ‘का घडले असे म्हटले’. थ्युसिडिडीज, डिमिट्रिअस, ॲरिस्टॉटल, अथेनिअस आणि प्लुटार्क यांच्या हकिकती विद्यार्थ्यांना या रकान्यांत वाटायला सांगाव्यात. डिमिट्रिअसचा दुसरा रकाना रिकामा राहतो. अथेनिअसचा पहिला रकाना जेमतेम भरतो. ॲरिस्टॉटलचे दोन्ही भरतात, पण दुसरा खोडावा लागतो. पहिला रकाना चोख असेल तर दुसरा चुकला तरी दुरुस्त करता येतो. पहिलाच नसेल तर दुरुस्त करायला काही उरतच नाही.

कोकणात ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत ऊन पाण्याच्या झऱ्यांची एक ओळच आहे. उन्हेरे, उन्हवरे ही गावांची नावेच त्यांतून आली. राजापूरची गंगा तर मध्येच प्रकट होते आणि मध्येच लुप्त होते. त्या परिसरातील शाळांना एक थर्मामीटर, एक वही आणि मोजलेल्या आकाराचे एक भांडे एवढ्यावर काम सुरू करता येईल. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी पाण्याचे तापमान घ्यायचे, भांडे किती सेकंदांत भरते ते मोजायचे आणि तारीख लिहायची. भूकंपाचा धक्का जाणवला, पाऊस लांबला, शेजारी नवी बोअर झाली, तर तेही त्याच वहीत. सोबत कारण लिहिण्याची घाई नको. वर्ग पुढे गेला की वही खालच्या वर्गाकडे सोपवावी आणि तिची एक प्रत शाळेबाहेर कुठेतरी ठेवावी.